सैनिकांचे लाँग रोल लोकांसाठी खुले करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फौजेतल्या नोकरीचा कागद घरात नसला की सैनिकाच्या विधवेचे अनुदान अडते आणि नातवंडांना आजोबा कुठे लढले, कधी सुटून आले, हे कळत नाही. हक्क आणि आठवण, दोन्ही एकाच कागदावर अडून राहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून खटाव-कोरेगाव भागातल्या माजी सैनिकांच्या घरचे अर्ज लिहून देते, जुने कागद शोधून देते. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे फौजेतली माणसे, त्यामुळे हे काम अंगावर आले ते आपसूकच. त्या अनुभवावरून एक मागणी आपल्या वृत्तपत्रातून सरकारपर्यंत आणि खासदारांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र. रेजिमेंटांच्या रेकॉर्ड ऑफिसांमध्ये असलेले जुने लाँग रोल स्कॅन करून, नावाने आणि गावाने शोधता येतील अशा रीतीने लोकांसमोर ठेवावेत.

लाँग रोल म्हणजे काय, हे फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भरती झालेल्या प्रत्येक जवानाचा नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण अशी थोडक्यात नोंद ज्या मोठ्या वहीत असते, ती ही. जवानाचे बाकीचे सविस्तर कागद, म्हणजे शीट रोल वगैरे, वेगळे असतात. त्यात त्याच्या बदल्या, बढत्या, दवाखाना, घरच्यांची नावे असे सगळे असते. पण ज्याला पेन्शन बसली नाही अशा जवानाचे हे कागद सुटल्यापासून २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. लाँग रोल तेवढा कायम ठेवायचा असतो. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात चार-पाच वर्षे लढून, युद्ध संपल्यावर पलटणी कमी झाल्या तेव्हा घरी आलेल्या हजारो शिपायांचा सरकारदरबारी उरलेला पुरावा बहुतेक वेळा त्या वहीतली एक ओळ एवढाच आहे. त्या युद्धात हिंदी फौजेत सुमारे २५ लाख माणसे होती. त्यांतली बहुतेक पेन्शनीची मुदत पुरी न करताच घरी परतली.

आमच्या वाडीत लेकीकडे राहणाऱ्या एका आजींचे उदाहरण देते. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे. सासर पाटण तालुक्यातले. नवरा मराठा पलटणीतून इटलीत लढून आला, पुढे मुंबईला गिरणीत लागला आणि बऱ्याच वर्षांपूर्वी वारला. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आपले राज्य सरकार दरमहा अनुदान देते. ही माहिती आजींपर्यंत फार उशिरा पोहोचली. अर्ज घेऊन गेल्यावर एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आले, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेले नोकरीचे पुस्तक, आणा. आता ते कुठून आणायचे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात त्यांचे घर बसले आणि कागदांची पत्र्याची पेटी मातीखाली गेली. पुढच्या पावसाळ्यानंतर ती उकरून काढली तेव्हा आत लगदा होता. हे सगळे आजींनी सांगितले, पण टेबलापलीकडच्या माणसाला कागद हवा होता. त्याचाही नियम होता, हे मी समजू शकते. तरी ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद मातीच्या घरात टिकला नाही म्हणून माणूस फौजेत नव्हताच, असे गृहीत धरणे बरोबर नाही.

वाट निघाली ती पदकांवरून. भूकंपात दोन पदके वाचली होती, कारण ती आजींच्या कुंकवाच्या डब्यात होती. एक तारा आणि एक गोल पदक. पुष्कळ घरांतून अशी पदके आहेत आणि त्यांवर काय लिहिले आहे हे कोणी पाहिलेले नसते. हिंदी सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर त्यांचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्याही कडेवर हा मजकूर आहे. कडेवरची काळी पुटे चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे आणि भिंगाखाली वाचावे. आम्ही तसेच वाचले, नंबर मिळाला. नंबर, नाव, गाव-तालुका-जिल्हा, अर्जदाराचे नाते आणि पदकांचे फोटो असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. लाँग रोलमध्ये ती ओळ होती. तेवढा उतारा आला, भरतीची आणि सुटल्याची तारीख आली आणि अडलेला अर्ज पुढे सरकला. लग्नाचा पुरावा, रेशन कार्ड, सरपंचांचा दाखला हे नंतर जुळवावे लागले, पण ते गावातच होण्यासारखे होते. उतारा वाचून दाखवला तेव्हा आजी म्हणाल्या, "ह्यांचं नाव हाय नव्हं त्यात? मग झालं." त्यांना पैशांची गरज होती, पण त्या घटकेला त्या पैशांबद्दल बोलत नव्हत्या.

ज्या घरात पदक नाही तिथे काय करायचे? पहिल्या महायुद्धाचे एक गोल पदक चांदीचे होते, दुष्काळात आणि लग्नकार्यात किती घरांनी ते सोनाराच्या भट्टीत घातले, त्याचा हिशेब नाही. नंबर नसला की शोधणाऱ्यालाही अवघड जाते. एकाच तालुक्यातून एकाच नावाचे दहा जण भरती झालेले असतात. अडनाव कुठे लावलेले असते, कुठे नुसते नाव आणि बापाचे नाव. गावाची स्पेलिंगे तर त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर. म्हणूनच मी म्हणते की ही वही रेकॉर्ड ऑफिसातल्या माणसाने शोधायची आणि आम्ही बाहेर वाट पाहायची, ही पद्धत आता पुरत नाही. घरच्या माणसाला चुलते कोण, शेजारगाव कोणते, सासरवाडी कोणती हे ठाऊक असते. तो यादी चाळता चाळता आपला माणूस ओळखतो, बाहेरच्याला ते जमत नाही.

जिल्ह्यांची नावे आणि हद्दी बदलल्या त्याचाही घोळ आहे. जुन्या कागदात कुलाबा जिल्हा असेल तर तो आताचा रायगड. वेंगुर्ले, सावंतवाडी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होती. आमच्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा सातारा-सांगलीचा. १९४९ ते १९६० या काळात उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते आणि दक्षिण सातारा म्हणजेच आजची सांगली. त्यामुळे तासगावच्या माणसाने सातारा जिल्ह्यात शोधायला हवे, हे त्याच्या नातवाला कोणी सांगत नाही. पलटणींचेही तसेच. म्हातारी माणसे "जंगी पलटण", "काळी पाचवी" म्हणत. कागदावर पहिल्या महायुद्धात ती १०३ वी आणि १०५ वी होती, १९२२ नंतर पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली आणि दुसरी बटालियन झाली. मराठ्यांची तिसरी बटालियन तर १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. म्हणजे आजोबा मराठा पलटणीत होते म्हणून बेळगावला लिहायचे आणि कागद मात्र पॅराच्या रेकॉर्डला, असेही होऊ शकते.

आता हयात असलेल्यांबद्दल. हे लिहिताना मला राग येतो, कारण हा त्रास टळण्यासारखा आहे. जवानाचे लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद पलटणीत पार्ट टू ऑर्डर नावाच्या लेखी आदेशाने व्हावी लागते. ती ज्या नावाने होते, त्याच नावाने पुढे बायकोला कौटुंबिक पेन्शन मिळते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि आधारवर टाइप करणाऱ्याने केलेले चौथे. एका हवालदारांच्या पत्नीचे नाव रेकॉर्डमध्ये माहेरचे होते आणि बाकी सगळीकडे सासरचे. साहेब होते तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. ते गेल्यावर बँकेने पेन्शन थांबवली आणि ही बाई, घरात दोन शिकती नातवंडे असताना, "ती मीच" हे सिद्ध करत बसली. प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा जबाब, पुन्हा प्रतिज्ञापत्र. अखेर काम झाले, पण या मधल्या काळात तिने दागिना मोडला.

म्हणून ज्यांचे यजमान अजून आहेत त्या सगळ्या बायाबापड्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. आज संध्याकाळी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनीचा आदेश, बाहेर काढा. त्यावर तुमचे नाव, जन्मतारीख, मुलांची नावे आधारशी अक्षराला अक्षर जुळतात का ते पाहा. हल्ली पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर आली आहे, तिथली माहितीही मुलाला किंवा सुनेला उघडून दाखवायला सांगा. फरक असेल तर दुरुस्ती नवऱ्याच्या सहीने आत्ता करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज जातो. लेकीला किंवा लेकाला अपंगत्व असेल तर त्याचीही नोंद यजमान हयात असतानाच करून ठेवा. आई-बाप दोघेही गेल्यावर त्या लेकराच्या पेन्शनीसाठी भावांनी धडपडायचे, हे फार अवघड जाते.

अर्ज कुठे करायचा हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून थोडक्यात लिहिते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणींचे, पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाड्यांच्या पलटणींचे अहिल्यानगरला, सिग्नलचे जबलपूरला, ईएमईचे, म्हणजे फौजेची यंत्रे-वाहने दुरुस्त करणाऱ्यांचे, सिकंदराबादला. नौदलातल्या खलाशांचे मुंबईत मानखुर्दला. हवाई दलाचे दिल्लीत सुब्रोतो पार्कला. पत्र साध्या मराठीत लिहिले तर परत येण्याची भीती असते, तेव्हा सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडावी. माहितीच्या अधिकारातही १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. पण नव्वदीतल्या विधवेला नवऱ्याच्या नोकरीची तारीख माहितीच्या अधिकारात मागायला लागू नये, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या माहेरच्या एका माणसाविषयी. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात "बसऱ्याला गेले" आणि आले नाहीत, एवढेच घरात माहीत होते. कुठे पडले, कधी, कोणत्या पलटणीत, काही नाही. तिथी माहीत नाही म्हणून घरात त्यांचे पान सर्वपित्रीला वाढत. आमच्या चावडीच्या भिंतीत त्या युद्धाची संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या या भागात गावोगावी आहेत. त्यावर गावातून किती जण गेले आणि किती जिवाला मुकले याचा आकडा आहे. नाव एकही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातून त्या युद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत. केवढे छोटे गाव आणि केवढा हा आकडा.

इराकमध्ये बसऱ्याचे स्मारक आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे त्या वेळच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४०,००० वर माणसांचे ते स्मारक. त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा लिहिला. गावची पाटी आणि परदेशातले स्मारक, दोन्हीकडे आमच्या माणसांच्या वाट्याला आकडाच आला. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. भारत, आफ्रिका, इजिप्त इथल्या ४५,००० ते ५४,००० माणसांच्या स्मरणात असमानता झाली, असे त्या अहवालात लिहिले आहे.

पण त्याच कमिशनने आपल्या नोंदी इंटरनेटवर फुकट उघड्या ठेवल्या आहेत आणि दगडावर नसलेली पुष्कळ नावे त्या नोंदींत आहेत. भाचरे पुण्याला संगणकाच्या कामात असतात, त्यांच्याकडून मी शोध लावला. अडनावाने काही सापडले नाही. मग गावाचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी घालून पाहिले आणि आमच्या गावाच्या जोडीला बापाचे नाव असलेला एक शिपाई सापडला. १०३ वी मराठा. २२ नोव्हेंबर १९१५. इंग्रज जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला लढली, तो तो दिवस. तिथून मागे हटून कुट गावाच्या वेढ्यात सापडलेली फौज २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत किती माणसे वाळवंटात मेली. आमचे हे चुलत आजोबा त्या हालांआधीच गेले होते, याचेही घरात कोणाला तरी समाधान वाटले. भावाने पंचांगवाल्याकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली. एकशे-दहा वर्षांनी घरात त्यांचे श्राद्ध त्यांच्या तिथीला होते. हे केवळ एवढ्यामुळे झाले की कोणीतरी यादी कुलुपात न ठेवता उघडी ठेवली.

मात्र कमिशनकडे फक्त युद्धात मेलेल्यांची नावे आहेत. जो जगून परत आला, शेती करून म्हातारपणी गेला, त्याची नोंद तिथे नाही. ती फक्त आपल्या रेकॉर्ड ऑफिसात. आफ्रिकेत तोब्रुकला १९४२ मध्ये कैद झालेली दुसरी मराठा, तिथेच केरेनच्या डोंगरावर १९४१ मध्ये चढलेली माणसे, मणिपुरात सांगशाकला १९४४ मध्ये जपान्यांना अडवून धरणारी चौथी मराठा, यांतून जिवंत घरी आलेले हजारो जण त्या वह्यांत आहेत. नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, इटलीत मोंतोनेला २०२३ मध्ये त्यांचे स्मारक झाले. हे योग्यच झाले. पण त्यांच्या शेजारी खंदकात असलेल्या शिपायाचा पणतू आज मुंबईत किंवा पुण्यात असेल आणि त्याला ते ठाऊकही नसेल.

महारांच्या १११ व्या पलटणीचा प्रश्न तर आणखी वेगळा. ती १९१७ मध्ये उभी केली आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. मोडलेल्या पलटणीतल्या माणसाच्या घरच्यांनी कोणत्या दारात उभे राहायचे? अशा मोडलेल्या पलटणींच्या वह्या कुठे आहेत, हे संरक्षण मंत्रालयाने एकदा जाहीर करावे.

हे काम होण्यासारखे नाही, असे कोणी म्हणू नये. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातल्या नोंदवह्या शंभर वर्षे पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींच्या संस्थेने त्या संगणकावर आणायला सुरुवात केली आणि २०२१ पासून काही जिल्ह्यांची नावे गावानिशी पाहता येतात. आणि इतक्या लांब कशाला जायचे? कुणबी नोंदी शोधण्यासाठी आपल्याच राज्यात २०२३ पासून कलेक्टर कचेऱ्यांच्या अभिलेखागारातले लाखो कागद काढले गेले, गाव नमुना १४, कोतवाल बुके, मोडीतली दप्तरे. मोडी वाचणारे बसवले, स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकले. सरकारने ठरवले तेव्हा ते काही महिन्यांत उभे राहिले. लाँग रोल त्या मानाने आटोपशीर आहेत आणि मोडीत नाहीत, इंग्रजीत आहेत.

खासगी माहितीचा प्रश्न कोणी काढेल. जे हयात आहेत, ज्यांना पेन्शन चालू आहे, त्यांचे कागद उघडे करा असे मी म्हणत नाही. दवाखान्याचे कागद तर मुळीच नकोत. १९४७ पूर्वी भरती झालेल्यांची फक्त लाँग रोलमधली ओळ द्या. त्यांतला सर्वांत लहान माणूसही आज नव्वदीच्या बराच पुढे असेल. माहिती अधिकाराच्या कायद्यातही २० वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला बहुतेक आडकाठ्या लागू राहत नाहीत. नंतर टप्प्याटप्प्याने १९६२, १९६५, १९७१ च्या माणसांचा विचार घरच्यांच्या संमतीने करता येईल.

आमच्या ग्रामसभेत चावडीच्या पाटीखाली नावांची दुसरी पाटी लावायचा ठराव झाला आहे. काही नावे मिळाली आहेत, बरीच बाकी आहेत. गेलेल्यांची मिळतात, परत आलेल्यांची मिळत नाहीत. रेकॉर्ड ऑफिसने यादी दिली तर पाटी पुरी होईल. तोवर वाचकांनी आपल्या घरातल्या पदकाच्या कडेवरचा मजकूर अक्षर न बदलता कागदावर उतरवून घ्यावा, डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घरातल्या तीन माणसांच्या फोनमध्ये ठेवावा आणि हे पत्र पटले तर आपापल्या खासदाराला याच मागणीचे पत्र लिहावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खटाव, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)